प्लोसिव्ह: स्फोट की टाळ्या?

शब्दहमाल (धागाकर्ता)

ध्वनिविज्ञानाच्या संज्ञांची एक मराठी सूची तयार होते आहे, बी.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी. प्रत्येक इंग्रजी संज्ञेखाली व्युत्पत्ती दोन ओळींत द्यायची, असं ठरलं आहे. बहुतेक संज्ञा सरळ आहेत. नेझल म्हणजे नासुस, नाक. डेंटल म्हणजे देन्स, दात. लेबियल म्हणजे लाबियुम, ओठ. गाडी अडली आहे ती 'प्लोसिव्ह'वर, म्हणजे प, त, ट, क या मंडळींवर.

कोश म्हणतो, 'एक्स्प्लोसिव्ह'चं हे कापलेलं रूप. एक्स्प्लोसिव्हच्या मागे गेलं तर लॅटिन 'प्लाउदेरे' सापडतं आणि त्याचा अर्थ 'टाळ्या वाजवणे'. तिथे स्फोट कुठेच नाही! तर शंका तीन:

१. टाळ्यांचा स्फोट कसा झाला?
२. 'प्लाउ'चा 'प्लो' आणि 'द'चा 'स' कसा झाला?
३. मराठी प्रतिशब्द 'स्फोटक' ठेवावा की 'स्पर्श'?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट खान

टाळ्या आणि स्फोट? दिवाळीतल्या 'टिकल्या' वाचलं असेल तुम्ही.

रोमारोमांत

पहिल्या शंकेपुरतं.

एक्स्प्लोदेरे = एक्स (बाहेर) + प्लाउदेरे. प्लाउदेरेचा अर्थ फक्त कौतुकाची टाळी असा नाही. आपटणे, फडफडवणे हेही त्यात येतं. पक्ष्याने पंख आपटले तरी प्लाउदेरे. रोमन नाटकशाळेत नट पसंत पडला नाही की प्रेक्षक टाळ्यांचा गदारोळ करून त्याला रंगमंचावरून घालवून देत. ते एक्स्प्लोदेरे. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगला लांबलेलं भाषण टाळ्या वाजवून बसवतात, नेमकी तीच क्रिया. मराठीत एका शब्दसमूहात सांगायचं तर 'हुर्यो उडवून हाकलणे'.

याचा पक्का दाखला रोमन वक्ता सिसेरो याच्या 'पॅराडॉक्सा स्टोइकोरुम'मध्ये आहे (इ.स.पू. ४६). तो म्हणतो, नटाची हालचाल जराशी तालाबाहेर गेली किंवा ओळ म्हणताना एक अक्षर कमी-जास्त झालं की 'एक्सिबिलातुर, एक्स्प्लोदितुर': त्याला शीळ घालून हुसकावतात, टाळ्या पिटून हुसकावतात. आता ही दोन क्रियापदं शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्यात सिबिलारे आहे, सू सू करणे, त्यावरून आपल्या स, श या ध्वनींना 'सिबिलंट' म्हणतात. दुसऱ्यावरून 'प्लोसिव्ह'. ध्वनिविज्ञानाच्या दोन संज्ञा एकाच वाक्यात, आणि तेही अक्षर चुकणाऱ्या नटाच्या फजितीच्या वाक्यात.

तिरपागडे

हा प्रतिसाद सूचीत जसाच्या तसा डकवा. वाखू साठवली आहे.

शब्दहमाल

रोमारोमांत, सुंदर! पण अजून दारू पेटलेली नाही. हुर्योपासून धडाड् धूमपर्यंत प्रवास कसा झाला?

उंबरठा

तो सगळा प्रवास इंग्रजीत झाला. लॅटिनमध्ये एक्स्प्लोदेरे हुर्योपाशी आणि त्यातून आलेल्या 'धुडकावणे, नापसंत करणे' या अर्थापाशीच थांबलं. इंग्रजीने आधी तोच अर्थ उचलला. 'एक्स्प्लोडेड थिअरी' म्हणजे मोडीत निघालेलं मत. हा वापर जुन्या इंग्रजी लेखनात सर्रास दिसतो आणि नवख्याला वाटतं की सिद्धांताखाली कुणी सुरुंग लावला.

मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) दहाव्या सर्गात सैतान आपला पराक्रम सांगून टाळ्यांची वाट बघत उभा राहतो आणि त्याच्या अनुयायांचे साप होऊन नुसते फूत्कार ऐकू येतात. तिथे मिल्टन लिहितो की त्यांना करायचं होतं 'अप्लॉज', झालं ते 'एक्स्प्लोडिंग हिस'. हे 'एक्स्प्लोडिंग' म्हणजे फुटणारं नव्हे, हुर्यो उडवणारं. लॅटिन जाणणाऱ्या वाचकाला अप्लॉज आणि एक्स्प्लोडिंग ही एकाच घरातली दोन भावंडं समोरासमोर उभी दिसतात.

मग त्याच सतराव्या शतकात 'जोराने, आवाजासकट बाहेर फेकणे' हा अर्थ आला. बंदुकीच्या नळीतून गोळी, बाटलीतून वायू वगैरे. यात 'हाकलणे' आणि 'गोंगाट' दोन्ही शिल्लक आहेत, फक्त नट गेला. अठरावं शतक सरता सरता 'फुटणे' हा आजचा अर्थ रूढ झाला. ध्वनिविज्ञानाने शब्द घेतला तो एकोणिसाव्या शतकात, या फुटण्याच्या अर्थानेच. ओठांमागे कोंडलेली हवा सुटते म्हणून 'एक्स्प्लोसिव्ह'.

खवचट खान

थोडक्यात, वक्त्याने 'प' म्हटला की त्याची हुर्यो त्याच्याच तोंडातून बाहेर पडते. :)

पडजीभ

दुसऱ्या शंकेवर माझे दोन पैसे. आधी लिप्यंतराबद्दल: लॅटिन द दंत्य आहे, म्हणून 'प्लाउदेरे' बरोबर, 'प्लाउडेरे' नको. इंग्रजीचा दंतमूलीय आवाज आपण 'ड' लिहितो, तो हिशेब इथे लावू नये.

'द'चा 'स': लॅटिनमध्ये धातूच्या शेवटचा दंत्य आणि प्रत्ययाचा 'त' एकत्र आले की 'स्स' होतो. मागे दीर्घ स्वर किंवा संयुक्त स्वर असेल तर त्यातला एक 'स' गळतो. म्हणून प्लाउद् + तुम = प्लाउसुम, एक्स्प्लोद् + तुम = एक्स्प्लोसुम. इंग्रजीतलं 'इव्ह' हे शेपूट या स-वाल्या रूपाला लागतं, मूळ द-वाल्या रूपाला नाही. म्हणून क्रियापद एक्स्प्लोड, पण विशेषण एक्स्प्लोसिव्ह. याच मापाने इन्व्हेड-इन्व्हेसिव्ह, कन्क्लूड-कन्क्लूसिव्ह तपासून बघा, सगळे जमतात.

संस्कृतने अशा ठिकाणी वेगळी वाट धरली. विद् + तृ = वेत्ता. दोन्ही दंत्य टिकले, फक्त पहिला अघोष (स्वरतंतूंच्या कंपनाविना, म्हणजे घोषाविना) झाला. लॅटिनमध्ये त्याच धातूचं विदेरे (बघणे) आणि त्याचं रूप 'विसुस', ज्यावरून इंग्रजी व्हिजन आलं. धातू एक, संधीचे नियम दोन.

'आउ'चा 'ओ': ही खरी गंमत आहे आणि इथे नियम तंतोतंत लागत नाही. उपसर्ग लागून 'आउ' शब्दारंभीच्या अवयवातून आत ढकलला गेला की लॅटिनमध्ये त्याचा 'ऊ' व्हायला हवा. क्लाउदेरे (बंद करणे) पासून इन्क्लूदेरे, काउसा पासून आक्कूसारे. या हिशेबाने एक्स्प्लूदेरे व्हायला हवं होतं आणि आज आपण 'प्लूसिव्ह' म्हणत असतो. तसं झालं नाही, कारण प्लाउदेरेचं 'प्लोदेरे' हे रूप स्वतंत्रपणे होतंच. बोलीभाषेत, विशेषतः खेडवळ लॅटिनमध्ये, आउ → ओ चालायचं. पाय आपटणे या अर्थाचं सुप्प्लोदेरेही तसंच.

रोमारोमांत

पडजीभ, +१. याच 'आउ/ओ'वरून एक किस्सा रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवला आहे. सम्राट व्हेस्पासियन (राज्यकाल इ.स. ६९ ते ७९) बैलगाडीला गावाकडच्या सवयीने 'प्लोस्त्रा' म्हणायचा. मेस्त्रियुस फ्लोरुस नावाच्या माजी कॉन्सलने त्याला टोकलं, महाराज, 'प्लाउस्त्रा' म्हणावं. दुसऱ्या दिवशी सम्राटाने त्याला हाक मारली: 'या, फ्लाउरुस!'

शुद्धलेखनाच्या धाग्यांवर टोकाटोकी करणाऱ्यांनी बोध घ्यावा.

तिरपागडे

रच्याकने, क्लाउदियुस घराण्यातला तो क्लोदियुस, सिसेरोचा हाडवैरी, त्याच्या नावातही हाच 'ओ' ना?

रोमारोमांत

हाच. उच्चकुलीन क्लाउदियुस, पण नाव मात्र लोकांच्या तोंडी असलेल्या ढंगाने.

ध्वनिमुद्रक

अवांतर: तुमच्या प्लोसिव्हने आमचं जिणं नको केलेलं असतं. स्टुडिओत याला 'पॉप' म्हणतात. प, फ, ब, भ म्हणताना सुटलेला हवेचा झोत माइकच्या पडद्यावर आदळतो आणि ध्वनीत 'धप्' असा ठोका येतो. तो ठोका बहुतेक १५० हर्ट्झच्या खाली असतो. उपाय क्रमाने:

माइक तोंडासमोर सरळ ठेवू नका, ३० ते ४५ अंश बाजूला घ्या. झोत सरळ जातो, आवाज मात्र सगळीकडे पसरतो, म्हणून आवाजाचं फारसं नुकसान होत नाही. मग माइक आणि तोंड यांमध्ये जाळीचा पॉप फिल्टर, माइकपासून निदान चार बोटं लांब. जाळी माइकला चिकटवली तर झोत विरायला जागाच राहत नाही आणि फिल्टर असून नसल्यासारखा होतो, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. शेवटी ८० ते १०० हर्ट्झचा लो कट (त्याखालचे आवाज गाळणारी चाळणी). पण पुरुषाचा खर्जातला आवाज असेल तर कट १२०च्या वर नेऊ नका, आवाजातला भरदारपणा जातो.

'म' म्हणताना ओठ तसेच मिटतात, पण पॉप येत नाही, कारण हवा कोंडतच नाही, नाकातून चालू राहते. धागाकर्त्यांच्या तिसऱ्या शंकेचं अर्धं उत्तर यातच आहे असं वाटतं.

ऋलृक्

ध्वनिमुद्रक यांनी वर्मावर बोट ठेवलं.

'कादयो मावसानाः स्पर्शाः', क पासून म पर्यंतचे २५ ते स्पर्श. त्यात ङ, ञ, ण, न, म आहेत. त्यांत तोंडात पूर्ण अडथळा आहे, पण स्फोट नाही. तेव्हा 'स्पर्श' हा 'स्टॉप' या व्यापक अर्थाच्या जवळ जातो. प्लोसिव्हला स्पर्श म्हटलं तर म, न आत घुसतात.

मराठीपुरता हिशेब करा: २५ मधून ५ अनुनासिकं वजा, २० उरले. त्यातून च, छ, ज, झ काढा, कारण त्यांत अडथळा फटकन न सुटता घासत सुटतो (अफ्रिकेट, त्याच्या मुळाशी फ्रिकारे, घासणे). ते तालव्य 'चार' मधले असोत की दंततालव्य 'चाक' मधले. उरले १६. हे मराठीचे प्लोसिव्ह. 'फळ' इंग्रजी 'एफ'सारखं म्हणणाऱ्यांच्या तोंडी १५.

भोपाळचा_देशपांडे

स्फोटकच ठेवा. आपल्याकडे व्याकरणकार भर्तृहरीने स्फोट ही कल्पना मांडलीच आहे, म्हणजे संज्ञेला परंपराही मिळते.

ऋलृक्

नाही हो, ही गल्लत होऊ देऊ नका. भर्तृहरीचा स्फोट म्हणजे अर्थ ज्यातून प्रकटतो तो अखंड शब्द. कानावर पडणाऱ्या नादापासून तो मुद्दाम वेगळा काढलेला आहे. ओठ फाकून सुटणाऱ्या हवेशी त्याचा संबंध नाही. धातू स्फुट् तोच, 'फुटणे, उमलणे', पण एवढंच साम्य. विद्यार्थ्यांच्या सूचीत तर तळटीप घालून सांगायला हवं की हा तो स्फोट नव्हे.

भोपाळचा_देशपांडे

मग स्पर्शला परंपरा आहे पण म-न आत येतात, स्फोटकला परंपरा नाही पण मापात बसतो. आणि 'स्फोटक' म्हटलं की पोरं जिलेटिनच्या कांड्याच आठवणार.

उंबरठा

ते इंग्रजीतही झालंच की. एक्स्प्लोसिव्ह म्हटलं की दारूगोळा. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी 'एक्स' छाटून 'प्लोसिव्ह' केलं आणि तो फक्त ध्वनिविज्ञानाचा शब्द झाला. लॅटिनच्या नजरेने बघितलं तर ही छाटणी भलतीच आहे: 'बाहेर' हा अर्थ सांगणारा अवयव गेला आणि उरली नुसती टाळी. पण सोय झाली. पुढे ध्वनिवैज्ञानिक डॅनियल जोन्स यांनी तो आपल्या १९१८च्या इंग्रजी उच्चारणावरच्या पुस्तकात वापरला, आणि आज आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या तक्त्यातली पहिली आडवी ओळ त्याच नावाची आहे.

त्या छाटलेल्या तुकड्याला नवा उपसर्गही लागतो: 'इम्प्लोसिव्ह'. इन म्हणजे आत. अभिजात लॅटिनमध्ये इम्प्लोदेरे असं क्रियापदच नाही. हे एक्स्प्लोसिव्हच्या नमुन्यावर पाडलेलं नाणं आहे. रोमन माणसाला तो शब्द 'टाळ्या वाजवून आत बोलावणे' असा वाटला असता.

सिंधुसागर

इम्प्लोसिव्ह ऐकायचे तर लांब जायला नको, उल्हासनगरला या. सिंधीत असे चार ध्वनी आहेत आणि देवनागरी सिंधीत त्यांना खाली आडवी रेघ असलेली अक्षरं आहेत: ॻ, ॼ, ॾ, ॿ.

काढायची रीत: 'ब'साठी ओठ मिटा, कंठात घोष चालू करा आणि त्याच वेळी स्वरयंत्र खाली ओढा. बोट कंठमण्यावर ठेवलं तर तो खाली सरकलेला कळतो. तोंडातला दाब त्यामुळे वाढत नाही, उलट कमी होतो, आणि ओठ सुटताना 'डुब्' असा घुमता आवाज येतो. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे श्वासच आत ओढणे. फुप्फुसाने हवा ओढायची नाही. काम स्वरयंत्राचं आहे. श्वास ओढला तर उचकीसारखा आवाज येतो.

पडजीभ

सूचीत इम्प्लोसिव्ह टाकणार असाल तर एक इशारा. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या १९१६ सालच्या व्याख्यानसंग्रहात इम्प्लोजन आणि एक्स्प्लोजन या संज्ञा आहेत, पण तिथे अर्थ वेगळा: तोंड मिटण्याची क्रिया ती इम्प्लोजन, उघडण्याची ती एक्स्प्लोजन. जुनं फ्रेंच लेखन वाचताना 'इम्प्लोसिव्ह' दिसलं की लगेच सिंधी आठवू नये.

आता नावाबद्दल. प्लोसिव्हचे टप्पे तीन: अवयव मिटतात, हवा कोंडते, सुटते. प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आपा' ध्वनिमुद्रित करून 'व्ह्यू अँड एडिट' उघडलं की तिन्ही डोळ्यांना दिसतात. पहिल्या 'आ'चे पट्टे वाकत बंद होतात, मग पांढरी मोकळी जागा, मग एक उभी बारीक रेघ (तो स्फोट), मग पुन्हा पट्टे. 'आबा' केलं तर मोकळ्या जागेच्या तळाशी घोषाची काळी पट्टी राहते. 'पता' आणि 'पत्ता' शेजारी ठेवा, दोन्हीत स्फोटाची रेघ एकच, फक्त मधली मोकळी जागा 'पत्ता'त कितीतरी लांब.

लॅटिनवरून आलेलं 'ऑक्लुसिव्ह' (ओब + क्लाउदेरे, बंद करणे) पहिल्या टप्प्याचं नाव आहे. 'स्टॉप' मधल्याचं. 'प्लोसिव्ह' शेवटच्याचं. आणि नेमका तो शेवटचा टप्पाच पुष्कळदा होत नाही! इंग्रजी 'ॲक्ट'मधला क सुटत नाही. तो सुटायच्या आत जीभ पुढच्या अडथळ्यावर पोचलेली असते. फ्रेंच लोक 'ऑक्लुसिव्ह' वापरतात ते म्हणूनच जास्त प्रामाणिक वाटतं मला.

ऋलृक्

न सुटणाऱ्या स्पर्शाला प्रातिशाख्यांत (वेदांच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथांत) नाव आहे: अभिनिधान. आणि स्पर्शापुढे अनुनासिक आलं की हवा नाकातून सुटते, 'रत्नागिरी', 'पत्नी', 'स्वप्न' म्हणून बघा. 'त्न'मध्ये जीभ हलतच नाही, पडजिभेकडचा पडदा तेवढा खाली येतो. जुन्या मंडळींनी तिथे मधला एक नासिक्य ध्वनी ओळखून त्याला 'यम' म्हटलं. अग्निः ऐवजी 'अग्ग्निः' अशी उदाहरणं त्यासाठीच दिली जातात.

मिलिसेकंद

स्फोटानंतर काय होतं तेही नोंदीत यावं, कारण मराठी मुलांचं इंग्रजी तिथेच अडतं. स्फोट ते घोष सुरू होणं, या अंतराची मोजणी लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ साली ११ भाषांत केली आणि त्यांत मराठी होती. इंग्रजी शब्दारंभीच्या प, त, क साठी सरासरी आली ५८, ७०, ८० मिलिसेकंद. म्हणजे इंग्रजी 'पिन'चा प आपल्या फ कडे झुकतो. आणि एकट्या त्या अंतराने ब आणि भ वेगळे निघेनात, कारण दोन्हींत घोष स्फोटाच्या आधीच सुरू झालेला असतो. भ चा फरक सुटल्यानंतरच्या श्वसित घोषात आहे.

वर्गात दाखवायला यंत्र नको. टिश्यू कागदाची दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी वरून धरा, खालचं टोक ओठांसमोर तीन-चार सेंटिमीटरवर. 'पान' म्हटलं की पट्टी जेमतेम थरथरते, 'फणस' म्हटलं की उडते. फ 'एफ'सारखा केला तर उडत नाही, नुसती वाकून राहते. जाड कागद घेतला तर काहीच दिसत नाही आणि पोरं हसतात.

खवचट खान

पंखा बंद करायचं सांगायला विसरलात. नाहीतर 'म' सुद्धा प्लोसिव्ह.

शब्दहमाल

सर्वांचे आभार. वरच्या सगळ्यावरून नोंद अशी करतो आहे:

'प्लोसिव्ह: स्फोटक. इंग्रजी एक्स्प्लोसिव्हमधला एक्स गाळून. लॅटिन एक्स्प्लोदेरे, टाळ्यांच्या गोंगाटात नटाला रंगमंचावरून घालवणे. एक्स, बाहेर + प्लाउदेरे, आपटणे, टाळी वाजवणे. तुलना: अप्लॉज, प्लॉझिबल, इम्प्लोसिव्ह. स्पर्श या पारंपरिक संज्ञेत अनुनासिकंही येतात, म्हणून ती स्टॉपसाठी राखली आहे. भर्तृहरीच्या स्फोटाशी संबंध नाही.'

उंबरठा

प्लॉझिबलपुढे 'मूळ अर्थ टाळीला पात्र' एवढं घाला, नाहीतर तो तिथे का आहे हे कुणाला कळणार नाही. आणि इम्प्लोसिव्ह तुलनेत नको. ते या शब्दाचं भावंड नाही, याच्यापासून बनवलेलं आहे. वेगळी नोंद करून तिथून इकडे बोट दाखवा.

तिरपागडे

उच्चार स चा की झ चा? दोन्ही ऐकले आहेत.

पडजीभ

दोन्ही चालतात, कोशांत दोन्ही आहेत. सूचीत आधी 'प्लोसिव्ह', मग 'प्लोझिव्ह' द्या. लॅटिन रूपात 'स' आहे, क्रम ठरवायला तेवढं कारण पुरे. आणि शब्दहमाल, दोन ओळींचं ठरलं होतं ना? पाच झाल्या. भर्तृहरी तळटिपेत हलवा.